लेकराच्या पंगतीला

(केडगाव येथील साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आज आम्ही तुम्हांला एक काम सांगायला उभे आहोत. काम सोपे आहे. त्याला पैसा लागत नाही. महिन्यातून एक दिवस, दुपारच्या वेळी, आपल्या लेकराच्या अंगणवाडीत जायचे. त्याच्या शेजारी मांडी घालून बसायचे आणि त्याच्याबरोबर जेवायचे. बस्स, एवढेच.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, हे कसले काम? मुलाला तिथे खिचडी मिळते, तो खातो, घरी येतो. आम्ही तिथे जाऊन काय करणार? आमचा रोज बुडेल."

खरे आहे. रोज बुडतो. कुणी एमआयडीसीत कामाला जातो, कुणी बांधकामावर, कुणी दुसऱ्याच्या रानात. तरीपण आम्ही सांगतो की वेळ काढा. आईला जमले नाही तर बापाने जावे. बापाला जमले नाही तर आजीने जावे. का जावे, ते आता ऐका.

अंगणवाडी कुठून आली?

अंगणवाडी हा शब्द आपल्याच मराठी मुलखातला आहे. ताराबाई मोडक नावाच्या एक थोर बाई होऊन गेल्या. १८९२ साली मुंबईत त्यांचा जन्म झाला. लहान मुलांना कसे शिकवावे, यातच त्यांनी आपले आयुष्य घातले. १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी काढली. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. पुढे १९५७ साली हे काम डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली लोकांची वस्ती. वारल्यांची मुले बालवाडीत येईनात. मग ताराबाई काय म्हणाल्या असतील? मुले आपल्याकडे येत नाहीत, तर आपण मुलांकडे जाऊ. त्यांनी बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणातली वाडी ती अंगणवाडी.

पुढे सरकारने हे नाव उचलले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी, गांधीजींच्या जयंतीला, देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. २०२५ साली तिला पन्नास वर्षे झाली. आज गावोगाव, वस्तीवस्तीवर अंगणवाडी आहे.

आता यातली खुबी पाहा. अंगण कुणाचे असते? घराचे असते. अंगणात आई येते, बाप येतो, शेजारीण येते. मग आज अंगणवाडीच्या दारात पोर सोडायचे आणि पाठ फिरवायची, हे बरे आहे काय? ज्या जागेच्या नावातच अंगण आहे, तिथे आईबापांना परकेपण कशाला?

पहिले कारण : चव

आपल्यात म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. पण शीत हातात घेतल्याशिवाय परीक्षा होत नाही. अन्न नीट शिजले आहे का, डाळ पडली आहे का, मीठ जास्त झाले का, तांदळात खडा आहे का, हे घरी बसून कसे कळणार?

१६ जुलै २०१३ ची गोष्ट आहे. बिहार राज्यात सारण जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेत मुलांनी दुपारचे जेवण घेतले. त्या जेवणाच्या तेलात शेतावरचे कीडनाशक मिसळले गेले होते. २३ मुले दगावली. दप्तर घेऊन गेलेली मुले परत आली नाहीत. त्या आयांचे दुःख काय वर्णावे!

आपण शेतकरी माणसे. फवारणीचे औषध आपल्याही घरात असते. म्हणून दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यात तेल, दूध किंवा पाणी कधीही भरू नये. कितीही धुतला तरी नाही. आणि मुलांच्या पुढे जाणारे अन्न आधी मोठ्या माणसाने पाहिले पाहिजे, हुंगले पाहिजे. वास वेगळा आला तर चवही घेऊ नये. ते पातेले बाजूला ठेवावे. वास बरा असेल तर मग एक घास खाऊन बघावे. शाळेतल्या जेवणाबद्दल सरकारची सूचना तर अशीच आहे, की मुलांना वाढण्यापूर्वी दोन-तीन मोठ्या माणसांनी चव घ्यावी आणि त्यांत एक तरी शिक्षक असावा.

मग त्या दोन-तीन माणसांत एखादा बाप का नसावा? पोर आपले आहे ना?

इथे कुणावर संशय घ्यायचा नाही. अंगणवाडीची सेविका आणि मदतनीस या बाया थोड्या मानधनात पुष्कळ राबतात. आपण दोष काढायला जातो आहोत, असे त्यांना वाटता कामा नये. गेल्याबरोबर म्हणा, "ताई, आज मी पोराबरोबर जेवायला आलोय. काही हातभार लावू का?" पाण्याची एक घागर आणून दिली, तरी त्यांना बरे वाटेल. स्वयंपाक चांगला झाला असेल तर तसे तोंडाने सांगा. चांगले म्हणायला आपल्याकडे फार कंजुषी असते.

दुसरे कारण : आपले पोर कसे जेवते?

आम्ही शाळेत असताना एक बाप आमच्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, पोरगा काही खातच नाही. घरी दोन घास खातो नि उठतो. डॉक्टर झाला, अंगारा झाला." आम्ही म्हटले, उद्या दुपारी या आणि त्याच्याशेजारी बसा. तो आला. पोराने ताट पुसून खाल्ले आणि पुन्हा मागून घेतले. बाप बघतच राहिला.

असे का झाले? घरी तो पोरगा एकटा जेवत होता. समोर मोबाईल. आई चुलीपाशी, बाप बाहेर. शाळेत त्याला पंगत होती. उजव्या हाताला एक मित्र, डाव्या हाताला दुसरा. एकाने घास घेतला की दुसरा घेतो. लेकराचे पोट अन्नाने भरते, पण त्याला भूक लागते ती माणसांत. त्या दिवसापासून तो बाप रात्री पोराला घेऊन जेवायला बसू लागला आणि मोबाईल कोनाड्यात गेला.

दुसरी गोष्ट एका मुलीची. ती रोज अर्धेच जेवायची. बाईंना वाटे, हिला भूकच कमी. एक दिवस तिची आई पंगतीला बसली. तेव्हा तिला दिसले, की मुलीने निम्मी खिचडी डब्यात भरली आणि डबा दप्तरात लपवला. आईने विचारले, "हे गं काय?" मुलगी म्हणाली, "बाळ्यासाठी." घरी धाकटा भाऊ होता. आईच्या डोळ्यांत पाणी आले. बाळ्या तेव्हा दोन वर्षांचा होता. त्याचे नाव अंगणवाडीत घातलेच नव्हते. आईने दुसऱ्याच दिवशी जाऊन नाव घातले. मग ताई पोटभर जेवू लागली आणि बाळ्याचा वाटा बाळ्याला मिळू लागला.

हे तिला कुणी सांगितले असते काय? शेजारी बसली म्हणून दिसले.

आणि बरे का, बाळ्याला जे मिळाले तो काही धर्म नव्हता. २०१३ साली देशात अन्नसुरक्षेचा कायदा झाला. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला अंगणवाडीतून फुकट आहार मिळणे, हा त्या कायद्याने दिलेला हक्क आहे. गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही तो हक्क आहे. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. लेकरू बरोबर नेले असेल, तर जिथे कोपी पडेल तिथल्या अंगणवाडीत जाऊन त्याचे नाव सांगा. गाव बदलले म्हणून मुलाची भूक बदलत नाही.

ताटात काय असावे?

लहान मुलाचे पोट लहान असते. ते एका वेळी फार खाऊ शकत नाही. म्हणून त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडेथोडे द्यावे लागते. अंगणवाडीचे जेवण हे त्यांतले एक. ते जेवला म्हणजे घरचे जेवण चुकवले तरी चालेल, असे नाही.

तांदूळ आणि डाळ एकत्र शिजवली म्हणजे एकाचे उणे दुसरे भरून काढते. म्हणून खिचडी ही गरिबाची असली तरी हलकी नव्हे. आपल्या नगरकडची बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, हुलगे, शेंगदाणे, गूळ, शेवग्याचा पाला, मेथी, हे सगळे मुलाच्या अंगी लागणारे अन्न आहे. उसळीवर लिंबू पिळले, तर त्यातले लोह अंगाला जास्त लागते. उलट जेवणाबरोबर चहा दिला, तर लोह वाया जाते. आपल्याकडे दोन वर्षांच्या पोराला सकाळी चहा-बिस्किट देतात आणि मग म्हणतात, पोरगं जेवत नाही. कसे जेवेल? चहाने भूक मारली. पाच रुपयांच्या कुरकुऱ्याच्या पुडीने उरलीसुरली मारली. तेवढ्याच पैशांत मूठभर शेंगदाणे येतात.

आणखी एक. मुलाने भाजी एकदा थुंकली म्हणजे ती त्याला कधीच आवडणार नाही, असे समजू नये. आठ-दहा वेळा पुढे आली, दुसऱ्यांना खाताना पाहिली, की तो हळूहळू तोंडात घालू लागतो. मारून खाऊ घालू नये. शेजारी बसून आपण खाऊन दाखवावे. बापाने शेपू बाजूला सारला, तर पोरगा तो कसा खाईल?

तिसरे कारण : पंगत सगळ्यांची

आता आम्ही थोडे कडू बोलणार आहोत. आमच्या नोकरीत एका गावी शाळेची खिचडी शिजवायला एक बाई नेमल्या होत्या. काही घरांतून मुलांना ताकीद मिळाली, त्या बाईच्या हातचे खायचे नाही. कारण काय, ते तुम्ही जाणता. दोन दिवस काही मुले भिंतीला टेकून उपाशी बसली. ती बाई पदराने डोळे पुसत वाढत होती. तिसऱ्या दिवशी गावातली एक म्हातारी काठी टेकत आली. घराणे मोठे, मान मोठा. थेट पंगतीत बसली आणि म्हणाली, "भुकंला कुठं जात आस्ती व्हय? वाढ मला." तिचे नातू भिंतीजवळून उठले आणि आजीच्या दोन्ही बाजूंना बसले. मग बाकीचेही बसले.

आम्ही चार भाषणे केली असती, तरी हे झाले नसते. वडीलधारे माणूस जेवायला बसले आणि काम झाले.

कायदाही याच बाजूचा आहे. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्राथमिक शाळेतल्या मुलांना शिजवलेले जेवण द्या. २००४ साली त्याच न्यायालयाने सांगितले, की स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित आणि आदिवासी यांना आधी संधी द्या.

पण कायद्याच्या पुष्कळ आधी हे काम आपल्या महाराष्ट्रात एका माणसाने करून दाखविले. कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहत, हाताने स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ साली गांधीजींनी येऊन त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव दिले. मुलांना खायला धान्य उरले नाही, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले. शेवटी मंगळसूत्रही दिले. दुसऱ्यांच्या लेकरांच्या घासासाठी! आज रयतेच्या शाळा आपल्या जिल्ह्यातही आहेत. त्यांची मुळे त्या पंगतीत आहेत.

तेव्हा तुम्ही पंगतीला बसाल, तेव्हा डोळे उघडे ठेवा. एखादे पोर वेगळे बसविले आहे काय? एखाद्याला वरून टाकल्यासारखे वाढतात काय? शेवटी बसणाऱ्याला पातळ पाणीच मिळते काय? आपल्या पोराच्या ताटाबरोबर त्याच्या शेजाऱ्याच्या ताटाकडेही पाहा. आणि सांगायचे ते शांतपणे सांगा.

जपानात काय करतात?

जपान नावाचा देश आहे. तिथे टोकियो शहराच्या एडोगावा भागात आपली मराठी कुटुंबेही राहतात. तिथल्या शाळेत जेवण हाही शिकण्याचा तास समजतात.

त्याची सुरुवात फार साधी आहे. १८८९ साली त्सुरुओका गावात एका देवळातल्या शाळेत गरिबांची मुले येत. पुष्कळांकडे डबा नसे. तेव्हा तिथल्या भिक्षूंनी त्यांना भाताचे मुटके, भाजलेला मासा आणि लोणचे द्यायला सुरुवात केली. पुढे मोठे युद्ध झाले, देश बेचिराख झाला, अन्नाचे हाल झाले. त्यातून वर आल्यावर १९५४ साली त्यांनी शाळेच्या जेवणाचा कायदा केला. २००५ साली आणखी एक कायदा केला, मुलांना आणि मोठ्यांना खाण्याचे शिक्षण देण्याचा.

शाळेत मुले डोक्याला टोपी आणि अंगाला पांढरा झगा घालून आपल्याच सोबत्यांना वाढतात. गुरुजी त्यांच्याबरोबरच जेवतात. जेवणापूर्वी सगळी मुले हात जोडून 'इतादाकिमास' म्हणतात. म्हणजे, हे अन्न मी नम्रपणे घेतो. जेवण झाल्यावर पुन्हा आभार मानतात. आपण जेवणापूर्वी श्लोक म्हणतो, तसेच ते. आणि एक गोष्ट आम्हांला फार आवडली. मुलांना वाढण्याच्या सुमारे अर्धा तास आधी मुख्याध्यापक स्वतः ते जेवण जेवून बघतात. आधी मोठ्याने खायचे, मग लेकरांनी.

तिथल्या बालवाड्यांतही पालकांना एखाद्या दिवशी बोलावितात. आई नाहीतर बाप येतो, मुलाच्या छोट्या बाकड्याशी गुडघे मुडपून बसतो, आणि मूल खाते तेच खातो. घरी गाजर न खाणारे पोर इथे गाजर खाते, हे त्यालाही तिथेच कळते. म्हणजे पोरांच्या तऱ्हा सगळीकडे सारख्याच!

जपानी माणूस श्रीमंत आहे म्हणून हे करतो, असे म्हणू नका. सुरुवात केली तेव्हा ती मुले गरीब होती आणि देऊळ साधे होते.

जाल तेव्हा काय कराल?

आता कामाचे बोलू.

एक. आपली भाकरी फडक्यात बांधून न्या. अंगणवाडीत अन्न मोजून येते. ते लेकरांचे आहे. त्यांच्या वाट्याचे खाऊ नये. चवीपुरता एक घास मागून घ्या, बाकी आपली भाकरी खा.

दोन. जेवणाआधी मुलाचे हात साबणाने धुवा आणि आपलेही धुवा. नुसते पाणी लावणे म्हणजे हात धुणे नव्हे. प्यायचे पाणी झाकलेले आहे का, ते पाहा.

तीन. मुलाला भरवू नका. त्याला आपल्या हाताने खाऊ द्या. सांडेल. सांडू द्या. सांडल्याशिवाय हात वळत नाही.

चार. जेवण झाल्यावर सेविकाताईंना मुलाच्या वजनाचा तक्ता दाखवायला सांगा. वजन दर महिन्याला वाढत गेले पाहिजे. त्यांच्याकडे दंड मोजायची एक रंगीत पट्टी असते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंड साडेबारा सेंटिमीटर किंवा जास्त भरला, तर पट्टी हिरवी दिसते. त्याखाली पिवळी. साडेअकराच्याही खाली गेला, तर लाल. लाल आली तर गंडादोरा करीत बसू नका. त्याच दिवशी ताईंना घेऊन सरकारी दवाखाना गाठा. पिवळी आली तरी दुर्लक्ष नको.

पाच. भिंतीवर आठवड्याच्या जेवणाचा तक्ता लावलेला असतो. तो वाचा.

भगिनींनो, बंधूंनो, ही पाचवी गोष्ट आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली. हा तक्ता आजवर तुमच्यापुढेच होता. पण तो तुमच्याशी बोलत नव्हता. आता तुम्ही अक्षरे शिकलात. सोमवारी काय, मंगळवारी काय, हे तुम्हांला वाचता येते. तक्त्यावर उसळ लिहिली आहे आणि ताटात नाही, तर विचारता येते. वजनाचा आकडा वाचता येतो. सही करण्यापूर्वी कागद वाचता येतो. आम्ही तुम्हांला रात्री जागून जे शिकवले, ते कशासाठी? पोथी वाचा, पत्र वाचा, बसची पाटी वाचा; पण त्याआधी आपल्या लेकराच्या ताटावर काय लिहिले आहे, ते वाचा.

नवरात्रात आपण सगळे केडगावच्या रेणुकामातेच्या दर्शनाला जातो. लांबलांबून लोक येतात, रांगेत उभे राहतात. तिथे आपल्याला वेळ मिळतो. चांगले आहे. ती सगळ्यांची आई आहे. मग आईला काय आवडेल? आपली लेकरे पोटभर जेवतात की नाही, हे कुणीतरी शेजारी बसून पाहिलेले तिला आवडणार नाही काय?

केडगाव आता महापालिकेत आले. रस्ते झाले, इमारती झाल्या. गाव मोठे झाले, याचा आम्हांला आनंद आहे. पण गाव किती मोठे झाले, हे आम्ही इमारती मोजून ठरविणार नाही. अंगणवाडीत दुपारी किती आया आणि किती बाप मांडी घालून बसले आहेत, ते मोजून ठरवू.

तेव्हा ठरवा. येत्या महिन्यात एक दिवस. कोणता वार, ते आज घरी जाऊन पाटीवर लिहा. स्वतःच्या हाताने लिहा. आणि त्या दिवशी भाकरी बांधून घ्या.